विश्लेषण : ज्यांनी खेळाचे नियम लिहिले, त्यांच्याच हातून खेळ कसा गेला? गॅरी गायगॅक्स यांची गोष्ट आणि टेबलटॉप खेळांचे भविष्य

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांचे निधन २००८ मध्ये झाले. मात्र खेळाचे नियम नेमके कोणाच्या मालकीचे, हा त्यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न आजही या व्यवसायाचे भवितव्य ठरवतो आहे. काय आहे हे प्रकरण?

मोबाइलवर गेम खेळताना मार बसला की तुमच्या पात्राचा हेल्थ बार खाली येतो. शत्रूला हरवले की पॉइंट मिळतात आणि पुरेसे पॉइंट साठले की लेव्हल वाढते. आज हे इतके सवयीचे झाले आहे की, याचे नियम कधीतरी कोणीतरी बसून लिहिले असतील असे मनातही येत नाही. पण ते लिहिले गेले होते. अमेरिकेतील एका छोट्या गावात, नोकरी गेलेल्या आणि पाच मुलांचा संसार चालवणाऱ्या एका माणसाने ते टाइपरायटरवर उतरवले. त्या माणसाचे नाव गॅरी गायगॅक्स.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही वेब सीरिज पाहिली असेल, तर तळघरात टेबलाभोवती बसून चार मुले जो खेळ खेळतात तोच हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. २०२३ मध्ये गाजलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडीओ गेमही याच नियमांवर उभा आहे. खेळ जगभर पसरला, कंपन्या मोठ्या झाल्या. पण ज्यांनी तो प्रकाशित केला त्यांना मात्र अवघ्या १३ वर्षांत स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

या प्रकाराला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण सूत्रधार असतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो : समोर अंधारे भुयार आहे, आतून घरघर ऐकू येते आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपले पात्र काय करणार ते खेळाडू तोंडी सांगतो. ते जमले की फसले हे अनेकदा फासे ठरवतात.

सापशिडी किंवा बुद्धिबळासारखा इथे शेवट ठरलेला नसतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. लागते ते नियमांचे पुस्तक. त्यामुळे या धंद्यात विकली जाणारी मुख्य वस्तू म्हणजे नियम. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

गॅरी गायगॅक्स कोण होते?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. ते लहानग्या गॅरीला जादूगार आणि राक्षसांच्या गोष्टी रचून सांगत. गॅरी सात-आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावी राहायला गेले. पुढचे बहुतेक सगळे आयुष्य याच गावाशी बांधलेले राहिले.

पत्ते आणि बुद्धिबळ लहानपणीच अंगवळणी पडले. शाळेत मात्र मन रमले नाही. वडील १९५६ मध्ये वारले आणि त्याच सुमारास गॅरी यांनी हायस्कूल अर्ध्यावर सोडले. मरीन दलात भरती झाले, पण न्यूमोनियामुळे लवकरच परत यावे लागले. मग नोकरी, १९५८ मध्ये लग्न आणि पाठोपाठ मुले. पुढे शिकागोतील एका विमा कंपनीत ते अंडररायटर झाले. समोरच्या माणसाच्या बाबतीत जोखीम किती आणि हप्ता किती आकारायचा, हे ठरवणे हे त्यांचे काम. शक्यतांचा हिशेब मांडण्याची ही सवय पुढे त्यांच्या नियमांतही दिसते.

लग्नाच्याच वर्षी एक खेळ त्यांच्या हाती लागला होता. अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर बेतलेला हा ‘वॉरगेम’. अशा खेळांत सैन्याच्या तुकड्या पटावर हलवायच्या आणि हल्ल्याचा निकाल फासे व तक्त्यावरून काढायचा. गायगॅक्स यांना त्याचे वेड लागले. वाळूच्या टेबलावर डोंगर-नद्या उभारून ते मित्रांबरोबर मध्ययुगीन लढाया लढू लागले.

घरच्या बैठकीपासून ‘जेन कॉन’पर्यंत

१९६७ मध्ये त्यांनी सुमारे २० वॉरगेमप्रेमींना घरी बोलावले. पुढच्या वर्षी घर पुरेनासे झाले, म्हणून गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला. २४ ऑगस्ट १९६८ रोजी तिथे संमेलन भरले. नाव ठेवले ‘जेन कॉन’ : जिनिव्हा गावाचे पहिले अक्षर घेतलेले आणि जिनिव्हा कराराच्या इंग्रजी नावावर केलेली कोटी.

तेच ‘जेन कॉन’ आता दर वर्षी इंडियानापोलिस शहरात भरते आणि अलीकडे तिथे ७० हजारांहून अधिक लोक येतात. टेबलटॉप खेळांच्या नव्या घोषणा करण्याची ही सर्वांत महत्त्वाची जागा मानली जाते.

१९६९ च्या संमेलनात गायगॅक्स यांची ओळख मिनेसोटातील एका तरुणाशी झाली. त्याचे नाव डेव्ह आर्नेसन. पुढचा सगळा इतिहास या दोघांच्या मैत्रीतून आणि नंतरच्या बेबनावातून घडला.

नोकरी गेली आणि खेळ सुरू झाला

१९७० मध्ये गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली. पाच मुले, पत्नी आणि उत्पन्न नाही. त्यांनी घरीच बूट दुरुस्तीचे काम सुरू केले. दिवसा चामडे आणि शिलाई, उरलेल्या वेळेत टाइपरायटर आणि फासे, असा क्रम सुरू झाला.

१९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेले ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रकाशित झाले. त्याच्या शेवटी गायगॅक्स यांनी एक छोटी पुरवणी जोडली होती. तिच्यात ड्रॅगन, जादूगार आणि राक्षस यांच्याशी लढण्याचे नियम होते. इतिहासप्रेमी खेळाडूंपैकी काहींनी नाके मुरडली, पण पुस्तक त्या पुरवणीमुळेच जास्त चर्चेत आले.

तिकडे मिनेसोटात आर्नेसन यांनी वेगळाच प्रयोग चालवला होता. डेव्ह वेस्ली या मित्राच्या ‘ब्राउनस्टाइन’ खेळात प्रत्येक खेळाडूला अख्ख्या सैन्याऐवजी एकेक माणूस दिला जाई. आर्नेसन यांनी तीच कल्पना काल्पनिक जगात नेली. ‘ब्लॅकमूर’ नावाच्या किल्ल्याखाली भुयारे होती आणि खेळाडू एकेक पात्र घेऊन त्यांत उतरत.

यात एक अडचण होती. वॉरगेममध्ये एक घाव बसला की सैनिक मेला. पण खेळाडूला आपल्या पात्राचा लळा लागल्यावर ते एका फाशात मरणे त्याला आवडेना. म्हणून आर्नेसन यांनी जहाजांच्या लढाईच्या खेळातून एक युक्ती उचलली. जहाज जसे अनेक मारे सोसून मगच बुडते, तसे पात्रालाही ‘हिट पॉइंट’ द्यायचे. तुमच्या मोबाइलमधल्या हेल्थ बारचे मूळ इथे आहे. पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात टिकू लागल्यावर त्याने अनुभव कमवावा आणि अधिक बलवान व्हावे, हेही ओघाने आले.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांनी त्यांच्याकडून टिपणे मागवून घेतली आणि कामाला लागले. स्वतःचा ‘ग्रेहॉक’ नावाचा किल्ला रचला. त्याच्या भुयारांत पहिल्यांदा उतरले ते त्यांचीच दोन मुले, अर्नी आणि एलिस. कल्पनेची ठिणगी मोठ्या प्रमाणावर आर्नेसन यांची, पण ती अनोळखी वाचकाला घरी बसून खेळता येईल अशा शब्दांत बसवण्याचे काम मुख्यतः गायगॅक्स यांचे. पहिला मसुदा ५० पानांचा होता, तो खेळून-खेळून १५० पानांपर्यंत गेला.

फाशांमागचे गणित

हे नियम इतके टिकले कसे, हे समजण्यासाठी शाळेतली संभाव्यता थोडी आठवावी लागेल. सुरुवातीच्या नियमांत पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन साधे फासे टाकून बेरीज घेत. बेरीज ३ ते १८ मध्ये येते, पण सगळे आकडे सारख्या वेळा येत नाहीत. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता असतात. त्यात १८ येण्याची शक्यता एकच, तर १० किंवा ११ येण्याच्या मिळून ५४, म्हणजे दर चारांत एक. परिणामी बहुतेक पात्रे साधारण निघतात आणि असामान्य पात्र क्वचितच जन्मते. खऱ्या जगात असते तसेच.

लढाईत मात्र २० बाजूंचा फासा. इथे प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. कोणताही घाव बसू शकतो, कोणताही चुकू शकतो. पात्र कसे असेल हे बऱ्यापैकी अंदाजात, पण क्षणाचा निकाल पूर्ण बेभरवशाचा. या दोन गणितांच्या मिश्रणातून खेळात थरार येतो. असे बहुकोनी फासे तेव्हा शाळांना शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवावे लागत.

एक हजार पेट्या

छापणार कोण? प्रस्थापित प्रकाशकांना हा प्रकार कळेना. ना पट, ना विजेता, ना शेवट. अखेर ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी एक हजार डॉलर घालून ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ म्हणजे टीएसआर ही भागीदारी सुरू केली. के यांनी त्यासाठी आयुर्विम्यावर कर्ज काढले. पैसे तरीही कमी पडले, तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार दोन हजार डॉलर घेऊन आला.

जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आले. तीन पातळ पुस्तिका, तपकिरी पेटी, किंमत १० डॉलर, प्रती एक हजार. पेट्या घरीच हाताने भरल्या. वर्षभराच्या आत सगळ्या संपल्या. पुन्हा छापल्या, पुन्हा संपल्या. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी हा खेळ उचलला आणि १९७५ च्या सुमारास काहींनी तो विद्यापीठाच्या संगणकांवरही उतरवला. व्हिडीओ गेममध्ये लेव्हल आणि हिट पॉइंट शिरले ते या वाटेने.

त्या पहिल्या पुस्तिकांच्या शेवटी वाचकाला एक आवाहन होते. हे नियम म्हणजे सांगाडा समजा, पुढची कल्पना तुमची तुम्ही करा, ती आमच्याकडून कशाला हवी, असा त्याचा आशय. हा उदारपणा लक्षात ठेवायला हवा, कारण तो फार काळ टिकला नाही.

मालकी निसटायला सुरुवात कुठे झाली?

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ३६. भागीदारी मोडली आणि तिच्या जागी टीएसआर हॉबीज ही कंपनी उभी राहिली. के यांचा वाटा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. हिशेब पूर्ण झाला तेव्हा गायगॅक्स यांच्याकडे सुमारे ३५ टक्के समभाग उरले होते. खेळाचा चेहरा ते, कंपनीचे अध्यक्ष ते. पण बहुमत दुसऱ्यांचे. कागदावरच्या या आकड्याची किंमत त्यांना दहा वर्षांनी कळली.

नियमांवरून पहिली भांडणे

खेळ चालू लागताच नकला आल्या. १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’, १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’, १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’. टीएसआरला हे आवडले नाही. पण कायद्याने हात बांधलेले होते.

इथे एक मुद्दा समजून घ्यायला हवा. अमेरिकी कायद्यात खेळ कसा खेळायचा या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. ती पद्धत सांगताना वापरलेले शब्द, चित्रे आणि रचलेली पात्रे यांवर मिळतो. पाककृतीचे उदाहरण घ्या. थालीपीठ कसे करायचे यावर कोणाची मालकी नसते. पण तुम्ही लिहिलेल्या पाककृतीच्या पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा छापता येत नाही. २० बाजूंचा फासा टाकून ठरावीक आकड्याच्या वर आला की घाव बसला, ही झाली पद्धत. ती कोणीही वापरू शकतो. पण शब्द कुठे संपतात आणि पद्धत कुठे सुरू होते, ही रेषा धूसर आहे आणि वकिलांची फी त्या धूसरपणातूनच निघते.

याचा फटका टीएसआरलाही बसला. पहिल्या आवृत्त्यांत जे. आर. आर. टॉल्किन यांच्या साहित्यातील ‘हॉबिट’ वगैरे नावे सरळ वापरली होती. १९७७ मध्ये कायदेशीर नोटीस आल्यावर ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ झाले, ‘बॅलरॉग’चे ‘बॅलॉर’ झाले. राक्षस तोच, पाटी बदलली.

याच काळात गायगॅक्स यांनी नियमांची नवी, सविस्तर मालिका लिहायला घेतली : ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७७ ते १९७९ दरम्यान तिची तीन जाड पुस्तके आली. हा वेगळाच खेळ असल्याची कंपनीची भूमिका होती. त्यामुळे त्यावर आर्नेसन यांना रॉयल्टी लागू नाही, असा अर्थ निघत होता. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये खटला भरला. १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मैत्री मात्र पूर्वीसारखी उरली नाही.

सूरही बदलला. टीएसआरच्या ‘ड्रॅगन’ मासिकात गायगॅक्स आता लिहू लागले की, नियम सगळीकडे एकसारखे हवेत. आपल्या मनाने बदल करून खेळणाऱ्यांनी त्याला हे नाव देऊ नये. त्यामागे कारण होते. स्पर्धा भरवायच्या तर नियम समान हवेत. आणि अधिकृत पुस्तके विकायची तर घरगुती नियम नकोत, हेही होतेच. पाच वर्षांपूर्वी वाचकाला मोकळीक देणारा लेखक आता दाराशी पहारा देत होता.

बदनामीतून प्रसिद्धी

१९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि या खेळाच्या नादाने तो विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवल्याची बातमी पसरली. तो नंतर जिवंत सापडला आणि त्याच्या बेपत्ता होण्याशी खेळाचा संबंध नव्हता. पण तोवर नाव देशभर झाले होते. पुढे काही धार्मिक गटांनी आणि पालकांनी हा खेळ मुलांना सैतानी मार्गाला लावतो असा आरोप केला. १९८५ मध्ये गायगॅक्स यांना ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात येऊन बाजू मांडावी लागली. या सगळ्या गदारोळात खप मात्र वाढतच गेला.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर

१९८३ च्या सुमारास गायगॅक्स हॉलीवूडला गेले. टीव्ही आणि चित्रपटांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सीबीएस वाहिनीवरील कार्टून मालिका १९८३ ते १९८५ या काळात चालली. मागे लेक जिनिव्हात कंपनीचा कारभार ब्लूम बंधूंकडे. पहिला संसारही याच काळात मोडला.

गायगॅक्स परतले तेव्हा कंपनी कर्जात होती. भरमसाट नोकरभरती आणि खेळाशी संबंध नसलेल्या धंद्यांतील गुंतवणूक यांमुळे ही वेळ आली होती. १९८५ मध्ये सूत्रे हाती घेऊन त्यांनी नवी पुस्तके घाईने काढली, पैसा आला. घडी बसवायला लोरेन विल्यम्स यांना त्यांनीच व्यवस्थापक म्हणून आणले.

आणि मग तो ३५ टक्क्यांचा आकडा आडवा आला. ब्लूम बंधूंनी आपले समभाग विल्यम्स यांना विकले. ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनीचा ताबा गेला. गायगॅक्स न्यायालयात गेले, हरले. १९८६ च्या अखेरीस त्यांचा टीएसआरशी संबंध संपला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव, ‘ग्रेहॉक’ हे त्यांचे जग, मुलांनी पहिल्यांदा ज्यात पाऊल ठेवले तो किल्ला, सगळे कंपनीकडे राहिले.

ज्याचे नियम, त्याच्यावरच खटला

गायगॅक्स लिहीत राहिले. १९९२ मध्ये त्यांचा नवा खेळ येणार होता. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुन्या खेळाशी जुळतात, असा आक्षेप टीएसआरने घेतला. नाव बदलून ‘डेंजरस जर्नीज’ केले. तरीही टीएसआरने खटला भरला. आरोप असा की, हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर बेतलेला आहे. म्हणजे गायगॅक्स यांनी गायगॅक्स यांचीच नक्कल केली!

१९९४ मध्ये तडजोड झाली. टीएसआरने नव्या खेळाचे सर्व हक्क विकत घेतले आणि तो बाजारातून गायब झाला. पद्धतीवर मालकी नसते हे कायदा सांगतो; पण ते सिद्ध करायला लागणारा पैसा आणि वेळ छोट्या प्रकाशकाकडे नसतो. हा धडा त्या पिढीतील अनेक खेळलेखकांनी घेतला.

दार उघडले : २०००

टीएसआर स्वतःच बुडण्याच्या बेतात आली आणि १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ती विकत घेतली. नव्या मालकांनी गायगॅक्स यांना मोबदला देऊन त्यांचे उरलेसुरले दावे मिटवले. १९९९ मध्ये ‘विझार्ड्स’ खेळण्यांच्या क्षेत्रातील बड्या ‘हॅस्ब्रो’ कंपनीकडे गेली.

२००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने एक धाडसी पाऊल उचलले. त्याचे नाव ‘ओपन गेम लायसन्स’ म्हणजे ओजीएल. कल्पना सॉफ्टवेअरमधून आलेली. लिनक्ससारख्या ओपन सोर्स प्रणालीचा कोड जसा कोणीही वापरू, बदलू शकतो, तसा खेळाच्या नियमांचा गाभा सर्वांना खुला. कंपनीचा हिशेब साधा होता. इतरांनी जितक्या साहसकथा लिहाव्यात, तितकी मूळ नियमांची पुस्तके खपतील.

शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. त्यातल्याच ‘ट्रोल लॉर्ड गेम्स’साठी गायगॅक्स लिहू लागले. ज्या किल्ल्यापासून सगळे सुरू झाले त्याची रचना त्यांना अखेर प्रकाशित करायची होती. पण ‘ग्रेहॉक’ हे नाव कंपनीचे. म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचा उच्चार उलटा करून किल्ल्याला नाव दिले ‘झॅगिग’. २००५ मध्ये त्या मालिकेतील पुस्तक आले. स्वतःचाच किल्ला दुसऱ्या नावाने आणि खुल्या परवान्यामुळेच त्यांना छापता आला.

२००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. त्यानंतरही घराच्या ओसरीवर ते पाहुण्यांसाठी खेळ मांडत. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वर्षभराने आर्नेसनही गेले.

२०२३ मध्ये काय घडले?

जानेवारी २०२३ मध्ये ओजीएलच्या नव्या आवृत्तीचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द ठरवायचा, साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची आणि इतरांनी लिहिलेले साहित्य कंपनीला वापरता यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. २३ वर्षे या परवान्यावर विसंबून ज्यांनी धंदा उभारला, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

खेळाडू चिडले. कंपनीच्या ‘डी अँड डी बियॉन्ड’ या डिजिटल सेवेची वर्गणी बंद करण्याची लाट आली. ही सेवा हॅस्ब्रोने आदल्याच वर्षी १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतली होती. अखेर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. नुसता जुना परवाना कायम ठेवला असे नाही, तर पाचव्या आवृत्तीचे सुमारे ४०० पानांचे मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले केले. हा परवाना कंपनीला परत घेता येत नाही.

प्रतिस्पर्धी ‘पायझो’ कंपनीने त्याच वर्षी इतर प्रकाशकांच्या सोबतीने ‘ऑर्क’ नावाचा स्वतंत्र परवाना आणला. तो कोणत्याही एका खेळकंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

आता पुढे काय?

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवे.

पहिली : पैसा कुठून येतो. गायगॅक्स यांना भागीदार शोधावा लागला आणि त्यातच बहुमत गेले. आज लेखक वाचकांकडून आगाऊ पैसे गोळा करतो. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसन यांच्या कादंबऱ्यांवरील रोलप्लेइंग खेळासाठी किकस्टार्टरवर दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. समभाग न विकता पुस्तक छापता येते, हा मोठा बदल आहे. अर्थात असे यश मोजक्यांच्याच वाट्याला येते.

दुसरी : नियमांची रचना. २०२३ च्या वादानंतर अनेकांनी २० बाजूंच्या फाशाभोवतीची जुनी चौकट सोडून स्वतःचे नियम घडवले. ‘क्रिटिकल रोल’ या लोकप्रिय कार्यक्रमाच्या चमूने २०२५ मध्ये आणलेल्या ‘डॅगरहार्ट’मध्ये १२ बाजूंचे दोन फासे एकदम टाकतात, एक आशेचा आणि एक भीतीचा. बेरजेवरून यश ठरते आणि कोणता फासा मोठा आला यावरून कथा कोणत्या बाजूला झुकणार ते ठरते.

तिसरी : पुस्तक की वर्गणी. छापील पुस्तक एकदा घेतले की ते तुमचे. ॲपमधले नियम मात्र कंपनी बदलू शकते, काढूनही घेऊ शकते. मालकीचा प्रश्न आता लेखकापुरता उरलेला नाही, तो खेळणाऱ्यापर्यंत आला आहे.

या सगळ्याचा मराठी वाचकाशी संबंध आहे का? आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सखालील त्या ४०० पानांचे भाषांतर करायला, त्यात आपल्या कथा घालायला आणि ते पुस्तक विकायला कोणाची परवानगी लागत नाही. मूळ स्रोताचा उल्लेख करायचा आणि कंपनीचे ट्रेडमार्क टाळायचे, एवढेच. सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याखालचे भुयार रचून त्यात मित्रांना उतरवायचे असेल, तर कायद्याची आडकाठी नाही.

लेक जिनिव्हात दर वर्षी मार्चमध्ये ‘गॅरी कॉन’ भरते. गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर जमलेले मित्र दुःख हलके करायला एकत्र खेळायला बसले, त्यातून हे संमेलन सुरू झाले. तिथे येणारा प्रत्येक सूत्रधार पुस्तकातला एखादा तरी नियम आपल्या मनाने बदलून खेळतो. १९७४ च्या त्या पातळ पुस्तिकेत त्यांना नेमके हेच करायला सांगितले होते.